हे बाळंतपण नव्हे

गर्भपिशवी काढली म्हटलं की आपल्याकडे माळ्यावरून बाळंतपणाचे डबे खाली येतात. डिंक, खारीक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा. घरातल्या बायकांचा हिशोब सरळ असतो: पोट तेच, दुखणं तिथलंच, अशक्तपणाही तसाच, मग खाणंही तेच. पण बाळंतिणीला अंगावर पाजायचं असतं, म्हणून जास्तीचं तूप-गूळ तिच्या कामी येतं. पिशवी काढलेल्या बाईचं पहिल्या पंधरवड्यातलं मुख्य काम वेगळं, आणि ते चारचौघांत बोलायचं नसतं असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं: न कुंथता पोट साफ होणं. मी ते बोलणार आहे, कारण माझं सगळं तिथंच अडकलं होतं.

पंचेचाळिशी ओलांडली आणि फायब्रॉइडच्या गाठींनी जीव नकोसा केला. पाळीत इतकं रक्त जायचं की वर्गात सलग दोन तास उभं राहून शिकवणं होईना. हिमोग्लोबिन आठाच्या खाली गेलं. आधी ते औषधांनी वर आणलं, मग ऑपरेशन. गाठी मोठ्या होत्या, त्यामुळे दुर्बिणीतून न करता पोटावर छेद घेऊन पिशवी काढली, अंडाशय ठेवले. सगळं व्यवस्थित झालं. घरी येताना हातात जो कागद दिला त्यावर आहाराच्या रकान्यात दोनच शब्द होते: साधा आहार.

आता साधा म्हणजे काय, हे ज्याने त्याने आपापल्या परीने ठरवलं. सासूबाईंच्या लेखी साधा म्हणजे तिखट नको, आंबट नको, भात नको, आणि सकाळ-संध्याकाळ डिंकाचा लाडू. आत्याबाई भेटायला आल्या त्यांनी भर घातली, “पाणी बेतानं पी गं, पोट सुटेल.” प्रेमापोटीच चाललं होतं सगळं. लाडूही झकास होते, खोटं कशाला बोलू. तुपात फुललेला डिंक, खारकेची पूड, भाजलेलं सुकं खोबरं, वर खसखस. पण त्या लाडवात पाण्याचा थेंब नाही आणि वरून मी पेलाभर पाण्यावर अख्खी दुपार काढायची. जोडीला लोहाच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या आणि दिवसभर अंथरूण. पोट नगाऱ्यासारखं झालं. एका पहाटे कुंथून कुंथून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि अंगावरून ताजं लाल रक्त गेलं. तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेली. नशिबाने टाके शाबूत होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, एनिमा दिला, आणि पहिला प्रश्न विचारला, “पाणी किती पिता?”

त्यांनी मग जे समजावलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर ती पहाट टळली असती. भुलीने आणि पोट हाताळल्याने आतडी सुस्तावतात. दुखण्याच्या काही गोळ्या, विशेषतः ट्रामाडोलसारख्या, त्यांना आणखी मंद करतात. लोहाच्या गोळीने मळ घट्ट आणि काळा होतो (काळ्या रंगाला घाबरू नये). हालचाल नसते. आणि आपण सारखं बाथरूमला उठायला नको म्हणून पाणी तोडतो. इतकी कारणं एकत्र आल्यावर बद्धकोष्ठ झालं नाही तरच नवल. पिशवी काढल्यावर योनिमार्गाचं वरचं टोक टाके घालून बंद केलेलं असतं. हे टाके बाहेरून दिसत नाहीत, म्हणून त्यांची कुणाला आठवणही राहत नाही, पण कुंथलं की सगळा जोर थेट त्यांच्यावर येतो.

म्हणून पहिलं औषध पाणी. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असल्याने डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर दिवसभरात दोन-अडीच लिटर द्रव पोटात जायला हवं. त्यात पाणी आलं, पातळ ताक आलं, वरणाचं पाणी, नारळपाणी, पेज सगळं आलं. मी उशाशी लिटरची बाटली ठेवायला लागले आणि दुपारच्या जेवणापर्यंत ती रिकामी करायची हा नेम केला. लघवीची नळी काढल्यानंतर जळजळ होऊ नये म्हणूनही हेच बरं.

खाण्याचं म्हणाल, तर सुरुवात मऊ पदार्थांनी करावी. हल्ली बऱ्याच ठिकाणी ऑपरेशननंतर काही तासांतच घोट घोट पाणी आणि मग हलकं खाणं देतात. गॅस सरकेपर्यंत उपाशी ठेवण्याची जुनी रीत मागे पडत चालली आहे. घरी आल्यावर गुरगुट्या भात आणि हिंग-जिऱ्याची फोडणी दिलेलं मुगाचं वरण, मुगाची सैल खिचडी, दुधी, दोडका, पडवळ अशा पाणीदार भाज्या, पिकलेली पपई. पपई उष्ण म्हणून आमच्याकडे बाद होती. ती परत ताटात आली आणि मला फार उपयोगी पडली. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका आणि दोन अंजिरं सकाळी चावून खायची, वर ते पाणीही प्यायचं. चोथा एकदम वाढवू नये. आज पालेभाजी, उद्या पेरू, परवा चपातीत कोंडा, असं हळूहळू जावं, नाहीतर गॅस धरतो. इसबगोल घ्यायचं तर मोठा पेला पाणी हवंच, कोरड्या घशाने घेतलं तर उलट अडकतं. एरंडेल किंवा कुणी दिलेलं जुलाबाचं चूर्ण मात्र मनाने घेऊ नका. लॅक्ट्युलोजसारखं मळ मऊ करणारं पातळ औषध डॉक्टर लिहून देतात, ते मागून घ्या, लाजू नका.

आणखी एक, खाण्यातलं नसलं तरी त्याच कामाचं. कमोडवर बसताना पायाखाली छोटा पाट ठेवायचा, गुडघे कमरेच्या वर येतील इतका, आणि पोटावर उशी धरून किंचित पुढे वाकायचं. जोर न लावता काम होतं. खोकताना, शिंकतानाही हीच उशी पोटाशी घट्ट धरावी. हे मला दवाखान्यातल्या सिस्टरने दाखवलं, आणि घरातल्या साऱ्या काढ्यांपेक्षा त्या उशीचे उपकार मी जास्त मानते.

गॅसची तक्रार बहुतेकींना असते. दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या बाईचा तर खांदा दुखतो, आणि घरच्यांना वाटतं हार्टचं काही झालं की काय. पोट फुगवायला आत कार्बन डायऑक्साइड सोडलेला असतो, त्यातला उरलेला वायू छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला टोचतो आणि ती कळ खांद्यात जाणवते. दोन-तीन दिवसांत ओसरते. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर मात्र अंदाज बांधत बसू नये, डॉक्टरांना गाठावं. पोटातल्या गॅसला खोलीतल्या खोलीत चालणं हा सगळ्यात मोठा उतारा, कोमट पाणी आणि ओवा त्याच्या मागून. वाल, वाटाणे, राजमा, हरभऱ्याची डाळ, कोबी, फ्लॉवर, सोड्याची बाटली हे काही दिवस लांब ठेवावं. मला बेसनाचं पिठलं प्राणाहून प्रिय, तेही महिनाभर बंद होतं.

आता बिनकामाच्या पथ्यांबद्दल. भाताने टाक्यात पाणी होतं, आंबट खाल्लं की टाके पिकतात, वांग्या-बटाट्याने जखम चिघळते, असं मला किमान डझनभर जणींनी सांगितलं. टाके पिकतात ते जंतूंनी, आणि साखर ताब्यात नसेल तर लवकर पिकतात. लिंबाने ते पिकत नाहीत. उलट लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यांतलं क जीवनसत्त्व जखम भरायला लागतंच. मधुमेह असेल तर मात्र पथ्य खरं आहे: गूळ, साखर, लाडू, फळांचे रस यांना हात आखडता, आणि साखर घरीच तपासत राहायची.

जखम भरायला खरी लागतात ती प्रथिनं, आणि त्या बाबतीत आपलं ताट कच्चं असतं. धडधाकट माणसाला आयसीएमआरच्या हिशोबाने वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम पुरतात. मोठ्या ऑपरेशननंतर आहारतज्ज्ञ सहसा 1.2 ते 1.5 ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. म्हणजे साठ किलोच्या बाईला दिवसाला सत्तरच्या पुढे. पातळ वरणाच्या वाटीत फार तर चार-पाच ग्रॅम निघतात, एका अंड्यात सहा. वरण-भातावर भागलं असं मानणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा. मी रोज दोन उकडलेली अंडी, दुपारी घट्ट वरण, संध्याकाळी पनीर किंवा मोड आणून चांगले शिजवलेले मूग, अधूनमधून माशाचं पातळ कालवण असं धरलं. शाकाहारी असाल तर दही, ताक, पनीर, सोयाबीन यांवर भर द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

रक्ताचा प्रश्न आपल्याकडे ऑपरेशनच्या आधीपासूनच असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पिशवी काढायची वेळ आलेल्या कित्येकींचं तर वर्षानुवर्षं रक्त गेलेलं असतं. अशी बाई लोहाची गोळी चहाबरोबर घेते तेव्हा गोळीचा बराचसा गुण वाया जातो. चहा-कॉफी आणि गोळी यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा, दूध आणि कॅल्शियमची गोळीही त्या वेळी नको, लिंबूपाणी चालेल. थायरॉइडची गोळी लोह आणि कॅल्शियमपासून चार तास दूर. बीट आणि डाळिंबाचा लाल रंग पाहून त्यांनी रक्त वाढतं असं वाटतं, पण त्यांत लोह बेताचंच. अळिवात मात्र भरपूर आहे, त्यामुळे माळ्यावरचा तो एक डबा मी परत पाठवला नाही. चमचाभर अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून घ्यायचे. दुधातली खीर करण्यापेक्षा हे बरं.

माझ्या जाऊबाईंची गोष्ट निराळी. त्यांचे दोन्ही अंडाशयही काढले, वय अवघं एक्केचाळीस. पाळी एकदम बंद, अंगाची आग, रात्री घामाने चादर भिजायची. तिखट, कडक चहा यांनी हे वाफारे वाढतात, असं त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते कमी केलं. पण खरा धोका हाडांना असतो, कारण इस्ट्रोजेन गेलं की हाडं झपाट्याने झिजायला लागतात. अशा बाईला दिवसाला 1000 ते 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पावशेर दुधात साधारण 300 मिळतं, 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, दही, वर सकाळचं ऊन. तरीही एवढ्या कमी वयात अंडाशय गेले असतील तर नुसत्या नाचणीवर विसंबू नये. हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. जाऊबाईंना ते कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

काही गोष्टी खाण्याने सुटत नाहीत आणि तिथे घरगुती उपाय करत बसणं धोक्याचं. पोट टम्म फुगलं, उलट्या होतात आणि गॅसही सरत नाही. 100.4 च्या वर ताप. तासाभरात पॅड भिजेल इतकं रक्त किंवा घाण वासाचा स्राव. लघवी अडणं किंवा सतत गळणं. एका पायाची पोटरी सुजून दुखणं. छातीत दुखणं किंवा दम लागणं. यातलं काहीही झालं की रात्र असो की सण, दवाखाना गाठायचा.

आणि जेवण करणार कोण? आहाराच्या साऱ्या सल्ल्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. चार-पाच किलोच्या वर काही उचलू नका असं सहा आठवडे बजावतात. डाळ-भाताने भरलेला पाच लिटरचा कुकर, पाण्याची बादली, कणकेचा मोठा गोळा तिंबणं, सिलिंडर सरकवणं, हे सगळं त्यात येतं. माझ्या मुलाने आणि नवऱ्याने तेवढे दिवस वरण-भात, अंडी आणि भाजी जमवली. थोडी करपली, पण जमवली. ज्यांना हे सुख नाही त्यांचं काय? 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं आणि तेव्हाच्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकची फळी चढणाऱ्या बाईला मऊ खिचडी आणि सहा आठवड्यांचा आराम सांगायला आपली जीभ रेटत नाही. पण तिच्याही आतले टाके तेवढेच दिवस घेतात.

भेटायला येणाऱ्यांनी पेढे-बिस्किटं आणू नयेत. पपई कापून आणावी, शहाळं आणावं, आणि निघण्यापूर्वी ओट्यावरचा कुकर खाली उतरवून जावं.