आधी वडाकडे नीट बघ गं

अगं, तुझ्या गॅलरीतल्या बोन्साय वडाचा फोटो मिळाला. खरं सांगू? कुंडीखाली लोंबणाऱ्या फांदीआधी माझी नजर तिला वाकवायला गुंडाळलेल्या तारेवर गेली. सालीत रुतायला लागलीय ती. आधी ती काढ. आणि उलगडत बसू नकोस, कटरने एकेक वेढा तोड; उलगडताना हिसका बसतो नि फांदी जाते. माझी गेली होती. पावसाळ्यात घातलेली तार मी दिवाळीपर्यंत तशीच ठेवली होती. वड-उंबर पावसात किती झपाट्याने जाड होतात, हे ठाऊकच नव्हतं. त्या पिळाचे वळ अजून बुंध्यावर आहेत, हात फिरवला की लागतात.

आता आकाराचं. तू करायला गेलीस त्याला जपानी लोक केंगाई म्हणतात. कड्याच्या कपारीत रुजलेलं, बर्फाच्या ओझ्याने खाली झुकलेलं झाड. शेंडा कुंडीच्या तळाखाली उतरला तर केंगाई. काठाखाली उतरून तळाच्या वरच थांबला तर हान-केंगाई. जुनिपर, पाइन डोंगरात असे जगतात, म्हणून त्यांना ते शोभतं. वडाची ओढ वरची. खाली वाकवलेल्या टोकाकडे जोर पोचत नाही, वरच्या फांद्या फोफावतात आणि टोक वाळत जातं. वडाची केंगाई होतच नाही असं नाही, पण वरचे कोंब सारखे खुडावे लागतात. पहिल्याच झाडाला हे नको.

या शैलींची नावं पाठ करण्याआधी एवढं धरून ठेव, की प्रत्येकीमागे कुठेतरी उभं असलेलं खरं झाड आहे. मोकळ्यावर सरळसोट वाढलेलं ते चोक्कान. एकाच बाजूच्या वाऱ्याने सगळ्या फांद्या एकीकडे गेल्या की फुकिनागाशी. कोकणातल्या सड्यावरची झाडं आठव, लगेच कळेल. होकिदाचीतलं ‘होकि’ म्हणजे झाडू, उलट्या धरलेल्या खराट्यासारखा पसारा. जपानात तो केयाकी झाडाला देतात. एका उथळ ट्रेमध्ये अनेक झाडांची राई केली की योसे-उए.

तुझ्या वडाला मोयोगी, म्हणजे वळणं घेत वर जाणाऱ्या खोडाची शैली दे, असं मला मनापासून वाटतं. बुंध्याशीच त्याने डावीकडे वळण घेतलंय, ते नर्सरीतूनच आलंय, तुला काही करावं लागलेलं नाही. कुंडी डोळ्यांच्या उंचीवर ठेव. वरची माती बोटांनी हलकेच सार, मुळं पसरायला लागतात तिथपर्यंत. मुळांच्या त्या पसाऱ्याला नेबारी म्हणतात. मग कुंडी गोल फिरव. जिथून मुळांचा पसारा नि वळण दोन्ही छान दिसतं, ती झाडाची समोरची बाजू. मोयोगीत फांदी वळणाच्या बाहेरच्या अंगाला ठेवायची, आतली काढायची. पहिली फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर हवी. खोड कितीही वळलं तरी शेंडा शेवटी बुंध्याच्या वर येऊन थांबला पाहिजे, नाहीतर झाड पडतंय असं वाटतं.

पुढच्या वेळी तार फांदीच्या एक तृतीयांश जाडीची घे, पंचेचाळीस अंशांत गुंडाळ, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला तपास. वडाला पारंबी फुटली तर तोडू नकोस गं. स्ट्रॉ उभी चिर, आत ओलं मॉस भर, पारंबी त्यात घालून मातीपर्यंत उतरव. जपानी शैलीत आपल्या वडाने आणलेली ही स्वतःची भर आहे, आणि मला ती फार आवडते.

तार मात्र आज संध्याकाळीच काढ. चीक आला तर ओल्या फडक्याने टिपून घे. मग समोरून एक फोटो काढून पाठव, छाटणी त्यानंतर ठरवू.