हिरडीतून रक्त आलं म्हणून ब्रश थांबवू नका

डोंबिवली पूर्वेहून रोज लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या, पन्नाशीच्या एका बाई डब्यातल्या मैत्रिणींना हल्ली आवर्जून एक गोष्ट सांगतात: हिरडीतून रक्त येत असेल तर ती बाजू टाळू नका. त्यांनी ती वर्षानुवर्षं टाळली. ब्रश करताना रक्त दिसलं की त्या तिथून हात काढून घेत. पुढे तर ब्रश सोडून बोटाने मंजन लावायला लागल्या. दात साफ करून घेतले की सैल होतात, असं शेजारीपाजारी ऐकलेलं होतं. दुखत काहीच नव्हतं. शेवटी भाकरीचा तुकडा तोडताना खालचा दात हलला, तेव्हा त्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी बारीक खुणा असलेली सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत हलकेच सरकवून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती १ ते ३ मिलिमीटर असते. त्यांच्या काही दातांशी ६ भरली. एक्स-रेमध्ये हाडाची कड खाली गेलेली दिसली. रक्ततपासणीत मधुमेहही निघाला.

दात जबड्याच्या हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटरची जागा असते आणि तीत असंख्य तंतू ताणलेले असतात. त्यांचं एक टोक हाडात रुतलेलं, दुसरं मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात. बाजेचा सुंभ माणसाचा भार पेलतो तसे हे तंतू चावण्याचा जोर पेलतात. भातातला खडा दाताखाली येताच कळतो, तोही बराचसा इथल्याच मज्जातंतूंमुळे. दाताभोवती साचलेल्या जंतूंच्या थराने हिरडी सुजते; सूज खोलवर उतरली की हे तंतू आणि हाड झिजतं. कीड दुखून माणसाला दवाखान्यात नेते. हा आजार, ज्याला आपल्याकडे पायरिया म्हणतात, बहुतेक वेळा गुपचूप पुढे सरकतो.

डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. रक्त येतं त्या टप्प्यावर सगळं परत मिळवता येतं. हाड एकदा झिजलं की ते आपोआप भरून येत नाही. उपचारांनी झीज थांबवायची, एवढंच बहुतेकदा हाती उरतं.

म्हणून रक्त येतं तिथेच, मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून, हलक्या हाताने घासावं. घाईच्या सकाळी जमलं नाही तरी रात्री झोपण्यापूर्वी दोन मिनिटं द्यावीतच. दातांमधल्या फटींत ब्रश पोचत नाही. तिथे दोरा किंवा फटींसाठी मिळणारा छोटा ब्रश लागतो. दगडासारखं घट्ट झालेलं कीटण मात्र मंजनाने, मिठाने वा कडुलिंबाच्या काडीने निघत नाही, ते डॉक्टरांकडूनच काढावं लागतं. ते निघाल्यावर फटी मोठ्या वाटतात, कारण कीटणाने बुजलेली जागा मोकळी होते आणि सूज उतरते. दात सैल होण्याची भीती त्यातूनच पसरली आहे.

मिश्री लावणाऱ्यांनी, तंबाखू-सिगारेट ओढणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. धूम्रपानाने हिरडीतलं रक्त कमी दिसतं आणि आजार झाकला जातो. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात, बिघडलेल्या हिरड्या साखरही वर ठेवतात.

या बाई आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय डोंबिवलीकरांना एका लोकलवर आहे; तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना साखरेचा ताजा रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद न करता डॉक्टरांना आधी सांगावी.