कारवान पाळायचे तर

चि. पुतण्यास,

पुढच्या वर्षी तू रेल्वेतून निवृत्त होऊन बदलापूरजवळच्या बारवी धरणाच्या रस्त्याला घेतलेल्या जागेवर राहायला येणार, हे ऐकून तुझ्या काकूला फार बरं वाटलं. मला त्याहून बरं वाटलं ते तुझ्या कारवान कुत्रे पाळायच्या इच्छेचं. परवा फोनवर विचारलंस, "काका, दोन घेऊ की चार?" त्याचं उत्तर फोनवर संपणारं नाही, म्हणून लिहितो.

दोन घे. माझ्याकडे चार आहेत हे बघून चाराचा हट्ट धरू नकोस. खंड्या, हरण्या, राणी आणि बिजली एकदम आले नाहीत. एक रुळल्यावर दुसरा आला. शिवाय ठाकूरवाडीचा एक पोरगा पगारावर रोज सकाळी येतो, म्हणून चौघांचं फिरणं होतं. माणसाला हात दोनच. कारवानाला ससा किंवा मुंगूस दिसला की तो पुढचा विचार करत नाही, सरळ झेपावतो. साठीच्या माणसाच्या मनगटाला दोन कुत्र्यांचा हिसका झेपतो, तिसऱ्याचा नाही. पट्ट्याचा फास मनगटाभोवती गुंडाळायची सवय असेल तर आजच सोड. दोरी तळहातात आडवी धरायची, म्हणजे ओढ आलीच तर हात उघडून सोडून देता येते. कुत्रा परत आणता येतो, आपल्या वयात मोडलेलं हाड लवकर जुळत नाही. दोघांत एक नर, एक मादी ठेव आणि पशुवैद्य सांगतील त्या वयात दोघांचीही नसबंदी करून घे. दोन नर एका अंगणात ठेवलेस तर ताटावरून जुंपते, आणि सोडवायला गेलेल्या माणसालाच चावा बसतो.

पिल्लू घ्यायचं की मोठा कुत्रा, यावर तुझा नि माझा वाद होणार. मी मोठ्याच्या बाजूचा. कारवान नीट सांभाळला तर बारा-चौदा वर्षं जगतो. तू अठ्ठावन्नचा आहेस, हिशेब तूच कर. पिल्लाची पहिली दोन वर्षं म्हणजे नुसती धावाधाव, कुरतडणं आणि रात्रीची जागरणं. तीन-चार वर्षांचा कारवान सकाळी मनसोक्त पळतो आणि उरलेला दिवस सतरंजीवर पडून काढतो. लोकांना वाटतं शिकारी कुत्रा म्हणजे दिवसभर उड्या. तसं नसतं. त्याला पळायची भूक मोठी असते, पण ती लवकर भागते. म्हणून निवृत्त माणसाचं नि त्याचं जमतं.

घेताना आई बघितल्याशिवाय घेऊ नकोस. २०२० साली पंतप्रधानांनी रेडिओवर मुधोळ हाउंडचं नाव घेतल्यापासून या कुत्र्यांना मागणी वाढली आणि ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लंही शुद्ध म्हणून विकली जाऊ लागली. आपल्याकडे सोलापूर-लातूरकडचे लोक ज्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात आणि कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात, ते एकाच घराण्यातले. लांब केसांचा असला तर त्याला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, असं सांगतात. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी संशोधन केंद्र आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यातही मुधोळ होता. आणि माझ्या खंड्याचं नाव कुठून आलं ते तुला ठाऊकच आहे: साताऱ्याच्या शाहू महाराजांचा खंड्या कुत्रा, ज्याची समाधी संगम माहुलीला दाखवतात. ती बघायला एकदा जाऊन ये.

आता कुंपण. काटेरी तार लावू नकोस. या कुत्र्याची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. तारेला घासला तर वीतभर फाटतो. जाळी लाव, माणसाच्या डोक्याहून उंच, आणि तळाशी विटांची एक ओळ, नाहीतर माती उकरून बाहेर. फाटकाला दोन कड्या. कारवानाचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, म्हणून बाजारातला साधा पट्टा तो मागे सरकून सहज काढतो. रुंद आणि ओढल्यावर थोडासाच आवळणारा पट्टा घे. त्यावर तुझा फोन नंबर शिवून घे.

शेतात कधी सोडायचं हे ऋतू ठरवतो. जूनपासून भातकापणी होईपर्यंत बांधावरसुद्धा सोडायचं नाही. आवणी झाल्यावर लावलेल्या खाचरातून दोन कुत्रे एकदा पळाले की चिखलातली रोपं उपटून येतात, आणि ज्याने दिवसभर कंबरडं मोडून ती लावली त्याच्याशी तुझं आयुष्यभराचं बिघडतं. कापणी उरकल्यावर, मालकाला विचारून, पहाटे सोड. आधी बघून घे की आसपास कुणाच्या कोंबड्या, शेळ्या नाहीत. गावातली पोरं म्हणतील, "काका, सशावर सोडा ना!" सोडायचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती शिकार आहे आणि बारवीच्या बाजूला वनखात्याचं जंगल लागून आहे. मला वैयक्तिकही ते पटत नाही. पळायला मोकळं माळरान पुरतं, ससा मरायची गरज नाही.

रात्री मात्र सगळे घरात किंवा बंद खोलीत. आपल्या बाजूच्या डोंगरात बिबट्या आहे आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाद्य. अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा पळून जीव वाचवू शकत नाही. राखणीसाठी बाहेर बांधायचं कुणी सुचवलं तर कान देऊ नकोस.

खाण्याचं तुझी काकू सांगते तेच ऐक. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, ताक, उकडलेली अंडी, कोंबडीचं मांस आणि काळीज. मीठ कमी. हाडं शिजवून द्यायची नाहीत, त्यांचे कुसळासारखे तुकडे होतात आणि आतड्यात रुततात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट वर्ज्य. आपल्याकडे मे-जूनमध्ये आंबा पडतो तेव्हा अंगण रोज झाडून घे. आंब्याची कोय गिळली तर आतड्यात अडकते आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही. बदलापूरची जांभळं गोड खरी, पण त्यांच्याही बिया ढिगाने खाऊ देऊ नकोस. दिवसातून दोन वेळा खायला घाल, वेगवेगळ्या ताटांत, एकमेकांपासून लांब, आणि जेवल्यानंतर तासभर तरी पळू देऊ नको. छाती खोल असलेल्या कुत्र्याचं पोट वाऱ्याने फुगून पिळवटतं. पोट टणक झालं आणि ओकारी येते पण काही पडत नाही असं दिसलं, तर पाणीसुद्धा न पाजता थेट दवाखाना. त्यात तासांचा हिशेब असतो.

झोपायला जाड गादी हवी. फरशीवर पडून राहिला की कोपरांवर घट्टे पडतात, मग जखमा. उल्हासनगरला फर्निचरच्या दुकानांतून फोमचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. त्यावर जाड कापडाची खोळ शिव, धुता येते. थंडीत बदलापूरचा पारा मुंबईपेक्षा बराच खाली जातो, आणि अंगावर चरबी नसलेला कुत्रा कुडकुडतो. जुन्या स्वेटरला चार भोकं पाडली तरी काम होतं. उन्हाळ्यात उलट. पारा चाळीसवर गेला की नऊनंतर फिरणं बंद, आणि डांबरी रस्त्यावर आधी आपला हात ठेवून बघायचा. दुपारी ओलं पोतं अंथरून द्यायचं.

पाणी कुठलं पितात याकडे लक्ष ठेव. अंबरनाथच्या बाजूला गेलास तर वालधुनीच्या काठी त्यांना उतरू देऊ नको. शिवमंदिराजवळून वाहणाऱ्या त्या नदीत कारखान्यांचं रसायन येतं, पायाला लागलं तरी नंतर चाटून पोटात जातं. महाशिवरात्रीला तर त्या बाजूला कुत्रे घेऊन फिरकूच नकोस, जत्रेची मोठी गर्दी असते. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आधीच खिडक्या लावून, पंखा चालू करून, त्यांना आतल्या खोलीत बसवून ठेव. घाबरलेला कारवान एका उडीत कुंपणाबाहेर जातो आणि बदलापूर-कर्जत रस्त्यावरची वाहनं थांबत नाहीत.

पावसाळ्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण या भागात तोच खरा कठीण काळ. लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरात रात्रभर पडला की आपल्याकडे पाऊस नसतानाही उल्हास नदी फुगते. २६ जुलै २००५ चा पूर तुला आठवत असेल. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर माणसं होड्यांनी काढावी लागली. तुझी जागा नदीपासून लांब असली तरी ओढे तुंबतात. जून लागायच्या आधी एक पिशवी भरून ठेव: दोऱ्या, पट्टे, लसीचं पुस्तक प्लास्टिकमध्ये, चार दिवसांचं कोरडं खाणं, एक चादर. गच्चीवर जायचा रस्ता मोकळा ठेव. पूर येणार असं कळलं की कुत्र्याला बांधलेला ठेवायचा नाही, आधी सोडायचा.

पावसातल्या गोचिडीला कमी लेखू नकोस. गोचिडीतून ताप येतो, रक्तातल्या लाल पेशी कमी होतात, आणि पाच दिवसांत उमदा कुत्रा जमिनीवर पडतो. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या मधे, शेपटीखाली हात फिरव. हिरड्या बघ; गुलाबीच्या पांढऱ्या वाटल्या तर उद्यावर ढकलू नको. ताप मोजायची सवय कर: कुत्र्याचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यासारखं ९८ नसतं. गोचिडीवर रॉकेल, फिनेल किंवा गुरांचं औषध अंदाजाने चोपडायची इथे पद्धत आहे. ती पद्धत कुत्रे मारते. आपली अंगदुखीची गोळीही देऊ नकोस, ती त्यांच्या यकृताला किंवा मूत्रपिंडाला भारी पडते. उंदराच्या मुताने पसरणाऱ्या लेप्टोची लस पावसाच्या आधी, आणि जंताची गोळी दर तीन महिन्यांनी.

साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही करायचं नाही. घोणस चावली की तोंड किंवा पाय भराभर सुजतो. मण्यार चावली तर सूज दिसत नाही, पाय लटपटतात. दोन्हीत कुत्र्याला उचलून गाडीत घालायचं. विषावरचं औषध माणसांचंच वापरतात, पण ते प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून आत्ताच फोन करून कुठे असतं ते लिहून ठेव. परळचा बैलघोडा दवाखाना जुना आणि भरवशाचा, पण इथून दोन-अडीच तासांचा रस्ता. जवळचा डॉक्टर आधी ओळखीचा करून ठेव, आणि त्याला एक गोष्ट ठासून सांग: हा शिकारी जातीचा आहे, भूल देताना बेताने. या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी, म्हणून काही भुलीची औषधं उतरायला फार वेळ लागतो.

रेबीजची लस दर वर्षी, चुकवायची नाही. तुलाच कुठला कुत्रा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धू आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस सुरू कर. घरचाच कुत्रा आहे म्हणून थांबायचं नाही. गावातल्या भटक्या कुत्र्यांशी आपल्या कुत्र्यांची भांडणं होतात. त्यांची नसबंदी आणि लस व्हावी म्हणून ग्रामपंचायतीच्या मागे लाग. तुझ्या कुत्र्यांच्या सुरक्षिततेचा अर्धा भाग तिथे आहे.

पैशाचं स्पष्ट लिहितो. पेन्शनमधून महिन्याचं खाणं निघतं, पण दवाखान्याचा एक मोठा खर्च वर्षात कधीतरी येतोच. त्यासाठी वेगळं खातं उघड आणि त्याला हात लावू नको.

सगळ्यात आधी करायची गोष्ट शेवटी लिहितोय. तुझ्यानंतर, किंवा तू रुग्णालयात असताना, यांना कोण खायला घालेल? नाव ठरव, त्या माणसाला विचार, त्याचा होकार घे, आणि कुत्र्यांची त्याच्याशी आत्ताच ओळख करून दे. कागदावर लिही: कोण काय खातो, कुणाला कशाची भीती, डॉक्टर कोण, पैसे कुठे. माझ्या चौघांसाठी मी तुझं नाव लिहिलं आहे, तुला विचारून. तू हो म्हणालास, तेव्हा आता ते कागदावर सही करून पक्कं करू. हरण्याला छत्री उघडली की भीती वाटते. राणीचं अन्न भिजवून द्यावं लागतं, तिचे मागचे दात गेलेत. बिजली रात्री दोनदा बाहेर जाते. हे सारं त्यात आहे.

येत्या रविवारी ये. येताना उल्हासनगरहून चार इंच जाडीचे फोमचे दोन तुकडे घेऊन ये, मापं काकूने फोनवर पाठवली आहेत. आणि फाटकाशी आलास की हाक मार, मी आतली कडी लावून मगच बाहेरची काढतो.

तुझा काका