सभागृहातील प्रश्न आणि लुप्त कर्ता

७४व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगररचना, पाणीपुरवठा असे १८ विषय आहेत. महापालिकेच्या सभागृहात नगरसेवक आयुक्तांना अशाच विषयांवर प्रश्न विचारतात. उत्तर बहुधा असे येते : ‘जलवाहिनी बदलण्याची कार्यवाही करण्यात येईल.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. मात्र त्यात कर्ता नाही आणि मुदतही नाही. ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्त्याचा उल्लेख सहज टाळता येतो, म्हणूनच कार्यालयीन मराठीला ती फार प्रिय असावी! जाणता नगरसेवक पुरवणी प्रश्नात ‘का’ विचारत नाही, कारण त्याने सबबीच हाती लागतात. तो ‘कोणाकडून?’ आणि ‘केव्हापर्यंत?’ असे विचारतो. मग ‘पाणीपुरवठा विभागाकडून, मार्चअखेर’ हे उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते, आणि पुढील सभेत त्यावर बोट ठेवता येते. आपल्या पालिकेचे एखादे इतिवृत्त मिळवून त्यातील कर्ताहीन वाक्ये अधोरेखित करा.