सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य

वाचन : मत्तय २२:१५-२२, १ पेत्र ३:१५, प्रकटीकरण ३:२०

आपल्या राज्यघटनेचें पंचविसावें कलम प्रत्येक उपदेशकास ठाऊक असावें. सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य, आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्व व्यक्तींस सारखाच आहे, असें त्यांत सांगितलें आहे. हा हक्क कसा लाभला व त्याबरोबर कोणतें कर्तव्य आलें, ह्याचा आज विचार करूं.

आरंभ पुणें शहरापासून करूं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत काढलेलें शारदासदन पुढच्या वर्षीं पुण्यास आणिलें. तेथें विधवांस आश्रय व शिक्षण मिळे, आणि कोणाच्याहि धर्मांत हात घालावयाचा नाहीं असा नियम होता. बाई स्वतः ख्रिस्ती होत्या व आपली प्रार्थना दार उघडें ठेवून करीत. त्यांनीं कोणावर सक्ति केली नाहीं. पण जी मुलगी आपण होऊन आली तिला दार लाविलेंहि नाहीं. ह्यावरून १८९३ सालीं पुण्यांत मोठा गहजब झाला. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर ह्यांनीं सदनाचा संबंध सोडला, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. आईबापांची काळजी खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु मोकळीक कोठें संपते व आग्रह कोठें सुरू होतो, हा प्रश्न तेव्हां सुटला नाहीं.

देश स्वतंत्र होतांना तोच प्रश्न घटना समितीपुढें आला. मार्च १९४७ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं आपल्या निवेदनांत, सुव्यवस्था व नीति ह्यांच्या मर्यादेंत धर्मोपदेश व धर्मांतर करविण्याचाहि हक्क असावा, असें मागितलें. एप्रिलांत अल्पसंख्याकांच्या उपसमितीनें ‘प्रसार’ हा शब्द घालण्याची शिफारस केली. तिचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुकर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ होते. डिसेंबर १९४८ मध्यें हा शब्द गाळावा अशी सूचना लोकनाथ मिश्र ह्यांनीं आणिली. तेव्हां टी. टी. कृष्णम्माचारी ह्या हिंदु सभासदांनीं सांगितलें कीं, आपण सुमारें चौदा वर्षें ख्रिस्ती शाळांत शिकलों, पण आपलें धर्मांतर करण्याचा प्रयत्न तेथें कधीं झाला नाहीं. कन्हैयालाल मुनशींनींहि शब्द राखण्याचा आग्रह धरिला. मिश्रांची सूचना फेटाळली गेली, आणि २६ जानेवारी १९५० पासून घटना अमलांत आली.

वाचकहो, हें नीट ध्यानांत घ्या. तो शब्द राखण्यास ज्यांचा शब्द उपयोगीं पडला, त्यांत ख्रिस्ती शिक्षकांच्या प्रामाणिकपणाचा अनुभव घेतलेले हिंदु गृहस्थ होते. नांव न कळलेल्या त्या शिक्षकांचा संयम आपल्या कामीं आला.

ह्या हक्कास मर्यादा आहेत : सुव्यवस्था, नीति, आरोग्य, आणि इतरांचे मूलभूत हक्क. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असाहि निर्णय दिला कीं, आपल्या धर्माचीं तत्त्वें समजावून देणें हा प्रसार होय. दुसऱ्याचें धर्मांतर करविणें हा कोणाचा हक्क नव्हे. म्हणून धान्य, औषध किंवा शाळेंतील जागा ह्यांचें आमिष दाखवून बाप्तिस्मा देणारा उपदेशक कायद्यापुढें व प्रभूपुढेंहि दोषी ठरतो.

शिवाय हें स्वातंत्र्य सर्वांचें आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं व लाखों लोकांनीं बौद्ध धर्म स्वीकारिला, तो ह्याच स्वातंत्र्यानें. आपल्या गांवांत आपलेच भाऊबंद बौद्ध आहेत. ज्या मोकळिकीनें आपण प्रभूकडे आलों, तीच त्यांची आहे; तिचा हेवा करूं नये. आपला मुलगा मंडळी सोडून गेला तर आपण रडावें, प्रार्थना करावी, परंतु त्याचें अन्नपाणी तोडूं नये.

प्रभु दाराशीं उभा राहून ठोकतो. दार मोडीत नाहीं. त्याच्या सेवकांनींहि तसेंच करावें.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न :

१. रमाबाईंनीं दार उघडें कां ठेविलें? आपण असतों तर काय केलें असतें?

२. प्रसार व आमिष ह्यांतील भेद आपल्या गांवांतील उदाहरणानें सांगा.

३. आपल्या मंडळीच्या वागणुकीविषयीं शेजारचा हिंदु किंवा बौद्ध मनुष्य आज कोणती साक्ष देईल?