संकटात सापडलेली माता आणि कायद्याचा आधार

घरातील मुलगी किंवा सून गरोदर असावी आणि ती बातमी आनंदाची नसावी, असा प्रसंग कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतो. नवरा टाकून गेलेला असतो; लग्न झालेले नसते, आणि ज्याने वचन दिले तो परागंदा झालेला असतो. अशा वेळी घरात प्रथम निघतो तो लोक काय म्हणतील हा प्रश्न. मुलीचे काय, हा मागाहून. स्मरणिकेत या विषयाला जागा कशाला, असे काही सभासदांस वाटेल. परंतु घरात जे बोलले जात नाही ते कोठेतरी छापून ठेवलेले बरे, असे आम्हांस वाटते.

१८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवांनी येथे गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, ती त्यांची खुशी, अशी जाहिरात त्यांनी गावात लावली. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला; तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. पण या गृहाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. १८८४ साली मलबारींच्या टिपणांवर मत देताना जोतीरावांनी लिहिले, की तोवर पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या, पण मुले जगली पाचच. गरोदरपण लपविण्यासाठी आयांनी आधीच विषारी औषधे घेतली असली पाहिजेत, असे कारण त्यांनी दिले आहे. म्हणजे दार उघडे होते. बायका तेथवर पोहोचल्या त्या सगळे काढे व उपाय करून झाल्यावर.

आज दारे पुष्कळ आहेत, आणि उशीर मात्र तसाच होतो. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला व २०२१ साली सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, आणि काही ठरावीक परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने तो करता येतो. ज्या स्त्रीला तो नको आहे, किंवा जिची मुदत टळून गेली आहे, तिने काय करावे, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते.

प्रथम आसरा. १८१ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास जवळच्या सखी केंद्राची माहिती मिळते. तेथे काही दिवस राहता येते. पुढे अधिक काळ राहण्यासाठी ‘शक्ती सदन’ ही निवासगृहे आहेत. पूर्वीच्या ‘स्वाधार’ व ‘उज्ज्वला’ या योजना एकत्र करून ती २०२२ पासून चालविली जातात. मातृवंदना योजनेतून पहिल्या बाळंतपणास पाच हजार रुपये मिळतात. त्यासाठी आता पतीचे आधार कार्ड सक्तीचे राहिलेले नाही, ही मोठी सोय झाली. चौकशी अंगणवाडीत करावी.

मूल सांभाळणे शक्यच नसेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे आई ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे आणून रीतसर सोपवू शकते. अविवाहित मातेची एकटीची सही पुरते. सही झाल्यावरही मूल लगेच दत्तक जात नाही. विचार बदलण्यासाठी तिला दोन महिने मिळतात, आणि त्या मुदतीत ती मूल परत घेऊ शकते. या दोन महिन्यांचे मोल आम्हांस फार वाटते. बाळंतपणाच्या थकव्यात, आईबापांच्या रागात घेतलेला निर्णय दोन महिन्यांनी तोच राहील असे नाही. उलट मूल रस्त्यावर किंवा देवळाच्या पायरीवर टाकून जाणे गुन्हा आहे, आणि मुलाच्या जिवालाही धोका. आणि मूल स्वतःजवळ ठेवायचे असेल, तर बापाचे नाव न सांगताही आईला त्याचे पालकत्व मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली दिला आहे.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे डॉक्टरांस ती बाब पोलिसांना कळवावीच लागते. म्हणून ‘ओळखीच्या डॉक्टरकडे गुपचूप उरकू’ हा बेत धरून बसू नये. त्या बेतात आठवडे जातात, आणि तपासणी राहून जाते ती मुलीचीच.