‘उद्या शिफ्ट नाही’, मग काय करायचं?

सकाळी सोमाटणे फाट्यावर उभं राहिलं की कंपन्यांच्या बस एकामागून एक जाताना दिसतात. आपल्या होस्टेलमधल्या कितीतरी मुलांची फी अशाच एखाद्या बसमधून जाणाऱ्या माणसाच्या पगारावर भरली जाते. काम कमी झालं की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग आठवड्यातले दिवस कमी होतात. आणि विचारलं तर उत्तर एकच : ‘वरून कळलं की सांगू.’ अशा वेळी काय करायचं हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही, म्हणून हा छोटासा अभ्यास.

जवळचंच उदाहरण घेऊ. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना 2008 साली सुरू झाला. 2017 अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, इथे फक्त निर्यातीसाठी गाड्या बनत राहिल्या. जानेवारी 2020 मध्ये कारखाना ग्रेट वॉल या चिनी कंपनीला विकायचं जाहीर झालं. पण त्याच वर्षी शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची झाली आणि व्यवहार अडकला. डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबलं, एप्रिल 2021 मध्ये हजाराहून जास्त कामगारांना ले-ऑफ मिळाला. 2022 मध्ये तो व्यवहार मोडला. शेवटी ह्युंदाईने कारखाना घेतला आणि 2025 मध्ये तिथे पुन्हा उत्पादन सुरू झालं. निर्णय दूर कुठेतरी होतात आणि वाट बघायची ती इथल्या घरांनी!

आता कायदा बघू. 1947 चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. पण ले-ऑफचे मूळ नियम तेच राहिले :

1) हजेरीपटावरचा कामगार वेळेवर हजर झाला आणि दोन तासांत काम दिलं नाही, तर तो दिवस ले-ऑफ. दुसऱ्या अर्ध्या शिफ्टला बोलावून काम दिलं, तर अर्धा दिवस ले-ऑफ.

2) भरपाई म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता यांच्या निम्मे. समजा दोन्ही मिळून रोजचे 500 रुपये होतात, तर ले-ऑफच्या दिवशी 250. अर्धा दिवस काम मिळालं, तर 250 अधिक 125, म्हणजे 375.

3) यासाठी वर्षभराची सलग नोकरी लागते (वर्षात 240 दिवस भरले तरी चालतात) आणि कारखान्यात किमान 50 कामगार हवेत.

4) ले-ऑफच्या काळातही रोज एकदा ठरलेल्या वेळी कंपनीत हजेरी द्यावी लागते. नाही दिली तर भरपाई जाते.

5) कामाचे तास किंवा शिफ्ट स्थायी आदेशांबाहेर जाऊन बदलायची, तर 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते.

चौथा मुद्दा घरी नक्की सांगा. ‘काम नाही, येऊ नका’ असं कोणी तोंडी सांगितलं की माणूस घरी बसतो, आणि कागदावर तो फक्त गैरहजर दिसतो. म्हणून तीन सवयी लावायच्या. एक, रोजची तारीख, वेळ आणि कोणी काय सांगितलं ते वहीत लिहायचं. दोन, तोंडी निरोप मिळाला की त्याच दिवशी एचआरला दोन ओळींचा अर्ज द्यायचा : ‘आज मला काम दिलं नाही, हा दिवस कसा धरला आहे?’ पोच घ्यायची. तीन, एकट्याने नाही, युनियनमार्फत किंवा चार जणांनी मिळून विचारायचं. उत्तर आलंच नाही, तर कामगार आयुक्त कार्यालयात हेच कागद उपयोगी पडतात.

यातून बाहेर राहणारेही पुष्कळ आहेत. छोट्या वर्कशॉपला भरपाईचा नियम लागू नाही. कंत्राटी माणसाचं नाव कंत्राटदाराच्या पटावर असतं, त्यामुळे प्रश्नही आधी त्यालाच विचारावा लागतो. अप्रेंटिस ‘कामगार’ या व्याख्येत येत नाही, आणि महिना 18,000 रुपयांपेक्षा जास्त पगार घेणारा सुपरवायझरही नाही. म्हणजे उद्या आपल्यापैकी बरेच जण! अशांनी नेमणूकपत्र नीट वाचावं आणि ओव्हरटाइम धरून हप्ते घेऊ नयेत.

आणि एक गोष्ट. दोन-तीन वर्षांनी ‘उद्या शिफ्ट नाही’ हे सांगायचं काम आपल्याच गळ्यात पडणार आहे. तेव्हा मंदी आपल्या हातात नसेल, पण नोटीस बोर्डावर तारखेसह चार ओळी लावणं नक्की असेल. जेवढं ठाऊक आहे तेवढं तरी वेळेवर सांगा. समोरच्याला त्यावरच घरचा महिना बसवायचा असतो.